मीठ वितळायला कठीण, फुटायला सोपे

प्रश्न : सोडिअम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो आणि दोघांचे अष्टक (बाहेरच्या कवचातील आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होते, म्हणून मिठातला आयनिक बंध तयार होतो, असे आम्ही शिकलो. पण अणूतून इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा खर्च करावी लागते, असेही पुस्तकातच लिहिले आहे. मग हा व्यवहार होतो कसा? आणि बंध इतका बळकट असेल, तर मिठाचा खडा एका टोल्यात का फुटतो?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. कोणत्या अणूचा कोणता आयन, म्हणजे प्रभारित अणू, होईल, हे अष्टकाच्या नियमावरून सांगता येते. तो का होतो, हे मात्र त्यातून कळत नाही. वायुरूप सोडिअमच्या एक मोल (अणू मोजण्याचे एक ठरावीक, फार मोठे एकक) अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते, आणि तेच इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनी स्वीकारले की सुमारे ३४९ किलोज्यूल बाहेर पडते. म्हणजे नुसती देवघेव पाहिली, तर हा १४७ किलोज्यूलचा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. ही तूट भरून निघते ती विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांकडे ओढले जाऊन स्फटिकात रचले जातात तेव्हा. त्या वेळी मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल मोकळी होते. हीच जालक ऊर्जा, म्हणजे आयनांच्या जाळीची ऊर्जा. आयनिक बंध म्हणजे हे आकर्षण. इलेक्ट्रॉन देणे-घेणे ही त्याची पूर्वतयारी.

हे आकर्षण जोडीपुरते नसते. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड (क्लोरीनचे आयन) आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम आयन असतात. १९१३ साली ब्रॅग या पितापुत्र भौतिकशास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या साह्याने ही रचना उलगडली, तेव्हा मिठाच्या स्फटिकात सुटा रेणू कुठे आढळलाच नाही.

खडा फुटण्याचे कारणही याच रचनेत आहे. टोला बसून आयनांचा एक थर किंचित सरकला, की धन आयनासमोर धन आणि ऋण आयनासमोर ऋण येतो, आणि आतापर्यंत धरून ठेवणारे बलच थरांना दूर लोटते. मिठाच्या मोठ्या स्फटिकावर त्याच्या पृष्ठाला समांतर पाते ठेवून हलकेच ठोकले, तर तो सपाट, गुळगुळीत पृष्ठांवर दुभंगतो. वितळवताना मात्र अशी पळवाट नसते. सगळी जाळीच मोडावी लागते, म्हणून मिठाचा द्रवणांक ८०१ अंश सेल्सिअस आहे. वितळल्यावर किंवा पाण्यात विरघळल्यावर आयन मोकळे होतात आणि विद्युतप्रवाह वाहतो. घन मिठात ते जागीच जखडलेले असल्याने वाहत नाही.

मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये आयनांवरील प्रभार दुप्पट असल्याने ओढ कितीतरी वाढते आणि द्रवणांक २,८०० अंशांच्या पुढे जातो. ते पाण्यातही जेमतेमच विरघळते. तेव्हा ‘आयनिक संयुगे पाण्यात विरघळतात’ हे वाक्य पाठ करताना त्यात ‘बहुधा’ हा शब्द घातलेला बरा.