सगळंच नवं, मग ड्रेस्डेनला बघायचं काय?

प्रश्न : सप्टेंबरात आम्ही दोघं मुलीकडे बर्लिनला जातोय. तिथून ड्रेस्डेनसाठी दीड दिवस काढता येईल. पण युद्धात शहर बेचिराख झालं, आता आहे ते सगळं नव्यानं बांधलेलं, असं जावई म्हणतात. मुद्दाम जाण्यासारखं आहे का? माझे गुडघे कुरकुरतात, तेही लक्षात घ्या.

उत्तर : जावईबापू म्हणतात ते बरंचसं खरंय, आणि म्हणूनच जा. फ्राउएनकिर्शे या चर्चच्या भिंतीपाशी जरा थांबा. फिकट दगडांत मधूनच काळे दगड दिसतील. पहिल्यांदा मला वाटलं, साफसफाई अर्धवट राहिलीय! ते जुन्या चर्चचे दगड. फेब्रुवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यानंतर चर्च आगीत कसंबसं उभं होतं, ते १५ तारखेला कोसळलं. पूर्व जर्मनीच्या काळात तो ढिगारा तसाच पडून होता. १९९४ ते २००५ या काळात चर्च पुन्हा उभारताना दगडन् दगड मोजला, तो मूळचा कुठला हे शोधलं आणि जमेल तो जागच्या जागी बसवला. हा वालुकाश्म वर्षानुवर्षांच्या हवेनं काळा पडतो. नवे दगडही एक दिवस तसेच होतील. आत ढिगाऱ्यात सापडलेला वाकडातिकडा जुना क्रूस आहे. घुमटावरचा नवा घडवणारे ॲलन स्मिथ ब्रिटिश, आणि त्यांचे वडील त्या हल्ल्यातल्या बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते.

घुमटावर मात्र चढू नका. लिफ्ट थोड्याच उंचीपर्यंत नेते, पुढचा चढ आणि जिना तुमचा तुम्हालाच. चर्चभोवतीची घरं मला नाटकाच्या नेपथ्यासारखी वाटतात. तिथे कॉफी प्या आणि पुढे निघा. जवळच राजांच्या मिरवणुकीचं चित्र असलेली १०२ मीटर लांब भिंत आहे, माइसेन गावच्या चिनी मातीच्या सुमारे २३ हजार फरशांची. ती त्या आगीतूनही बचावली.

जास्त वेळ ठेवा तो राजवाड्यातल्या खजिन्याला. या खजिन्याच्या, म्हणजे ‘ग्र्युनेस गेव्योल्बे’च्या नव्या भागात चक्क औरंगजेबाचा दरबार भरलाय! दिंग्लिंगर या दरबारी जवाहिऱ्यानं १७०१ ते १७०८ या काळात तो सोन्याचांदीत घडवला: वाढदिवसाला नजराणे घेऊन आलेले सरदार, हत्ती, उंट आणि सुमारे पाच हजार हिरे. दिंग्लिंगरनं हिंदुस्थान पाहिलाच नव्हता, सगळी भिस्त प्रवासवर्णनांवर. खरा औरंगजेब त्या वर्षांत मराठ्यांच्या मागे दख्खनभर छावण्या हलवत होता, आणि १७०७मध्ये अहमदनगरला वारला. मी त्या काचेपाशी अर्धा तास तरी उभी होते. नवरा दोनदा येऊन बोलावून गेला. याच खजिन्याचा जुना भाग बघायचा असेल, तर ठरावीक वेळेचं तिकीट आधी काढा.

राफाएलचं ‘सिस्टिन मॅडोना’ हे चित्र त्स्विंगर या जुन्या राजेशाही वास्तूत आहे. राजवाडा मंगळवारी बंद, त्स्विंगरचं चित्रदालन सोमवारी. मी नेमकी मंगळवारी पोचले होते. तुम्ही बुधवारी सकाळी निघा. गाडीनं साधारण दोन तास लागतात.