कॉलेज फुटबॉलमधल्या रिक्रूटिंग स्टार्सवरून पुढचं यश कळतं का?

इथलं फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि स्टार म्हणजे हायस्कूलच्या पोरांना कॉलेजात जाण्याआधी रिक्रूटिंग वेबसाइट्स देतात ते रेटिंग, जास्तीत जास्त पाच. त्यावरून टीमचं बऱ्यापैकी कळतं, एकेका पोराचं मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. हे दोन प्रश्न लोक एकत्र करतात आणि मग उगाच भांडत बसतात.

अमेरिकेत दरवर्षी हजारो पोरं हायस्कूलमधून कॉलेज फुटबॉलला जातात, त्यात फाइव्ह स्टार मिळतात जेमतेम तीसेक जणांना. अशी पोरं अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट ही बडी विद्यापीठं दरवर्षी ढिगाने उचलतात, म्हणजे एक फेल गेला, दुसऱ्याचा गुडघा गेला तरी मागे तिसरा तयारच असतो. 2022 च्या सीझनमध्ये टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) ही त्यांच्यापेक्षा कमी स्टारवाली टीम जिद्दीने फायनलपर्यंत आली, सेमीफायनलला मिशिगनला हरवलं, आणि फायनलला जॉर्जियाने 65-7 ने धुतलं, पुढच्या फळीत, अटॅक आणि डिफेन्सच्या दोन्ही लाइनवर, ताकदीचा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

पण एकट्या पोराचं म्हणाल तर एनएफएल या प्रो लीगमधला क्वार्टरबॅक जोश ॲलन बघा ना, कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याचा मुलगा, हायस्कूलनंतर एकाही मोठ्या कॉलेजची ऑफर नाही, ज्युनियर कॉलेजला गेला, तिथून कोचना ईमेलवर ईमेल टाकले, शेवटी वायोमिंगने घेतलं आणि 2018 च्या ड्राफ्टला (एनएफएलच्या टीम आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तो) सातव्या नंबरवर गेला!! सतरा वर्षांच्या पोराची उंची अजून वाढतेय, अंग भरायचंय, तेव्हा दिलेले स्टार चुकणारच की. आणि छोट्या गावातल्या शाळेचे सामने बघायला स्काउट जातात तरी किती? माझ्या मते टू स्टार पोरांवर मेहनत घेणाऱ्या कोचचं कौतुक अजून पुरेसं होत नाही.