कोळशातले गंधक जिवाणूंनी काढता येते का?
बेळगावच्या उद्यमबागेतील आपल्या ओतशाळेत कोकमधले (दगडी कोळसा हवेविना तापवून केलेल्या इंधनातले) गंधक बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, उतरून ओतीव ठिसूळ होते, तेव्हा ते गंधक जिवाणूंकडून काढता येईल का, असे आपण विचारले आहे. काढता येते, पण सगळे नाही. कोळशात पितळेसारखे चमकणारे कण दिसतात ते पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग. खाणींतल्या आम्लयुक्त पाण्यात वाढणारा अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा जिवाणू त्याचे ऑक्सिडीकरण करून गंधक सल्फेटच्या रूपाने पाण्यात उतरवतो. मात्र त्यासाठी कोळशाची अगदी बारीक पूड करून ती सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या आम्लधर्मी पाण्यात, हवा खेळती ठेवून, कित्येक दिवस घुसळावी लागते. कार्बनी रेणूंत गुंतलेले गंधक त्याला सुटत नाही. ढेकळांच्या तयार कोकला हा उपाय लागू नाही. खरेदीपूर्वी गंधकाची तपासणी करून घेणेच मला योग्य वाटते.