सगळं कॉम्प्युटर करतो, तर आताच्या डिझेल इंजिनात ड्रायव्हरला काम काय उरतं?

कोकण रेल्वेच्या मार्गावर मी बरीच वर्षं डिझेलवर एक्सप्रेस गाड्या चालवल्या. हाच प्रश्न एका इन्स्पेक्टरनं मला तोंडावर विचारला होता, म्हणून लिहितोय.

जुलैची रात्र. डब्ल्यूडीपी-4डी इंजिन, 4500 अश्वशक्तीचं, मागे 22 एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीचे डबे. पावसात पुढचं दिसेना म्हणून वेग 40 वर आणलेला. रत्नागिरीच्या अलीकडे नेमका चढावर सिग्नल लाल. आमच्याकडे चढ 150 ला 1 पेक्षा जास्त नाही, कागदावर किरकोळच. पण रुळांवर पाणी आणि कुजक्या पानांचा चिकटा असला की तोच चढ अंगावर येतो.

सिग्नल पिवळा झाला. सहायकानं हात करून पुकारला, मीही पुकारला. गाडीचे ब्रेक सोडले आणि अख्खा लोड इंजिनाच्या ब्रेकवर धरून ठेवला, नाहीतर गाडी मागे घरंगळते. पहिला नॉच, म्हणजे ताकद वाढवायच्या दांड्याची पहिली पायरी. स्क्रीनवर ओढीचे किलोन्यूटन चढले, तसा इंजिनाचा ब्रेक हळूहळू सोडत गेलो. चाकं घसरली. कॉम्प्युटरनं लगेच ताकद कापली, वाळू सोडली. तेवढं काम तो चोख करतो, मान्य. पण गाडी जागची हलेना.

परत ब्रेक धरला आणि वॉकीटॉकीवर गार्डला विचारलं, बीपी किती? बीपी म्हणजे ब्रेकच्या नळीतला हवेचा दाब; तो शेवटच्या डब्यापर्यंत भरला की ब्रेक सुटतात. माझ्या काट्यावर पाच किलो होतं, त्याच्याकडे अजून साडेचारही नाही. म्हणजे मागच्या डब्यांचे ब्रेक पुरते सुटलेच नव्हते. त्याचा काटा 4.8 वर आल्यावरच पुन्हा पहिला नॉच दिला, मग दुसरा, आणि गार्ड "हलली" म्हणेपर्यंत तिथंच थांबलो. धक्का एकही बसला नाही. सहायकाचा चहाचा पेला डेस्कवर होता तसाच राहिला.

सहा मिनिटं गेली. इन्स्पेक्टरनं रेकॉर्डरचा डेटा पुढे टाकला: "चाकांची स्लिप कॉम्प्युटर सांभाळतो, तुम्ही नॉच का नाही वाढवला?" साहेब, कॉम्प्युटरला इंजिन कळतं, गाडी कळत नाही. बाविसाव्या डब्याचे ब्रेक धरलेले असताना जोर लावला, तर झोपलेला माणूस बर्थवरून खाली येतो. हे मी तेव्हा लेखी दिलं होतं आणि आजही तेच म्हणतो.

बाकी काम म्हणाल तर सिग्नल, कॉशन ऑर्डर (कुठे हळू जायचं त्याचा कागद), आणि मिनिटभर हात हलला नाही तर दिवा, बझर आणि मग आपोआप ब्रेक लावणारं व्हीसीडी. नोकरीत शिरलात की ते सगळं शिकवतातच.

एक सांगायचं राहिलं. 2022 मध्ये कोकणचा पूर्ण मार्ग विजेवर आला, त्यामुळे माझं हे सगळं डिझेलचं आहे. पण डब्यांच्या ब्रेकना हवा तीच. सहायक म्हणून लागलात तर पावसाळ्यात चढावर गाडी उभी राहिली की आधी गार्डला बीपी विचारा, नॉचचं नंतर बघा. वेळ गेल्याबद्दल खुलासा मागितला, तर गार्डनं सांगितलेला आकडा त्यात लिहून द्या.