ताट टेबलावर वाढा

प्रश्न : ताई, मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत. ह्यांची बदली झाली म्हणून गेल्या जूनमध्ये आम्ही चिपळूण सोडून वाकडला आलो. इथे त्याला एकही मित्र नाही. शाळेतून आला की दार लावून घेतो, जेवणाचं ताटही दाराबाहेर ठेवावं लागतं. आधी तो गोळीबाराचा गेम खेळायचा, आता नुसतेच व्हिडिओ बघतो. परवा डोकावले तर रस्त्यात जमाव एका माणसाला काठ्यांनी मारत होता आणि हा हसत होता. मी ओरडले, तर म्हणाला, "जग असंच आहे, आई." धाकटीने चार्जर घेतला म्हणून तिला ढकललं, तिचं कोपर फुटलं. हे म्हणतात, फोन फोडून टाकतो. मला झोप नाही. माझा मुलगा गुन्हेगार होईल का?
— एक आई, वाकड, पुणे

उत्तर : नुसते व्हिडिओ बघून कुणी गुन्हेगार होत नाही, हे आधी सांगते, म्हणजे आज तरी झोपाल. पण "वयच असं असतं हो" म्हणून तुमची बोळवणही करणार नाही. मारधाडीच्या गेमबद्दल अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका मांडली. आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी या गेमचा छोटासा पण खरा संबंध दिसतो. खूनखराब्याशी तो जोडण्याइतका पुरावा नाही. धाकटीचं कोपर त्या पहिल्या खात्यातलं. ते सोडून देऊ नका. मलम त्यालाच लावायला सांगा.

मला खटकलं ते वेगळंच. गेम सुटला आणि व्हिडिओ उरले. त्या गेममध्ये चौघांची टोळी असते, माइकवर "भाई, इकडे ये, मला वाचव" असा कल्ला चालतो. साठाव्या वर्षी मी भाच्याबरोबर खेळायला बसले आणि दुसऱ्या मिनिटाला मेले. "मावशी, तू भिंतीकडे तोंड करून गोळ्या मारतेयस!" म्हणत तो लोळून हसला. त्या वर्षात तो माझ्याशी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. म्हणजे तिथे निदान कुणीतरी असतं. व्हिडिओ बघताना तुमचा मुलगा अगदी एकटा, आणि समोर खराखुरा माणूस मार खातोय. एक शेवटपर्यंत बघितला की ॲप तसलेच आणखी दहा पुढ्यात टाकतं. टीव्हीवर सतत मारामारी बघणाऱ्यांना जग आहे त्याहून धोक्याचं वाटू लागतं, असं जॉर्ज गर्बनर हे अभ्यासक सत्तरच्या दशकातच सांगत होते. तुमचा लेक तेच तीन शब्दांत म्हणाला.

आणि ते हसणं? शाळेत समुपदेशक म्हणून बावीस वर्षं काढली. या वयाचे मुलगे घाबरले की हसतात, हे पुष्कळदा पाहिलं. एकदा सहज विचारा, "त्या माणसाचं पुढे काय झालं रे?" उत्तर काहीही येऊ दे, त्यावर भाषण नको.

फोन फोडू नका. चिपळूणच्या मित्रांशी उरलासुरला धागा त्यातच आहे. रात्री दहाला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचे, ह्यांचासुद्धा. दाराबाहेरचं ताट मात्र आजपासून बंद. टेबलावर वाढा, आला नाही तर झाकून ठेवा. अकराला येऊन गुपचूप खाईल, खाऊ दे. तुम्ही तिथेच उद्याची भाजी निवडत बसा. आणि गणपतीला गावी जाणारच असाल, तर त्याला चार दिवस आधी एसटीत बसवून द्या.

मुक्या जनावराला त्रास देणं, स्वतःला इजा करणं, "जगून काय करू" असं बोलणं, कुणाचं नाव घेऊन धमकी देणं, यातलं काहीही दिसलं तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो.

एक राहिलं. तुमच्या एवढ्या पत्रात 'हे' दोनदाच येतात: बदली झाली तेव्हा आणि फोन फोडतो म्हणाले तेव्हा. बापलेक दोघंच शेवटचे कधी बाहेर पडले होते, ते पुढच्या पत्रात कळवा.