तेलकट त्वचा : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मेच्या कोरड्या उन्हात चेहऱ्यावर छान बसलेली क्रीम्स जुलैच्या दमट हवेत बसेनाशी होतात. म्हणून या अंकात सगळी जागा तेलकट त्वचेच्या प्रश्नांना दिली आहे.

प्रश्न : वारज्याहून हिंजवडीला रोज स्कूटीवरून जाते. सकाळी सनस्क्रीन, प्राइमर, फाउंडेशन सगळं लावते. ऑफिसात पोचेपर्यंत नाकाच्या कडेला फाउंडेशन फुटलेलं असतं आणि हनुवटीवर खोडरबराच्या मळासारख्या वळ्या निघतात. तीन फाउंडेशन बदलून झाली. आता कोणतं घेऊ? (वारजे)

चौथं घेऊ नका. दोष बहुधा बाटलीत नसून थरांमध्ये आहे. शिवाय वळ्या निघणं वेगळं आणि फाउंडेशन फुटणं वेगळं.

वरचा थर खालच्या थराला धरत नाही, तेव्हा वळ्या निघतात. प्राइमर म्हणजे फाउंडेशनच्या आधी लावायचा थर. त्याच्या बाटलीवरची घटकांची यादी वाचा. डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन अशी नावं पहिल्या तीन-चारांत असली तर तो सिलिकॉनचा प्राइमर. फाउंडेशनच्या यादीत पहिलं नाव बहुतेक वेळा पाण्याचंच असतं, त्यावर जाऊ नका. दुसरं-तिसरं नाव बघा. तिथेही सिलिकॉन असेल तर सहसा जोडी जमते. खात्री करायची तर हाताच्या पाठीवर मुगाएवढा प्राइमर आणि तेवढंच फाउंडेशन बोटाने कालवा. एकजीव झालं तर ठीक. नासलेल्या दुधासारखं दाणेदार झालं तर चेहऱ्यावरही तेच होणार.

दुसरं कारण म्हणजे घाई. सनस्क्रीन चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर आखलेल्या दोन रेघांइतकं लागतं. तेलकट त्वचेला तेवढं एकदम जड होतं, म्हणून आधी एक रेघ लावा, दोन मिनिटांनी दुसरी. मग १० मिनिटं थांबा, तेवढ्यात डबा भरून होतो. बोट लावल्यावर चिकटपणा उरला नसेल तरच पुढचा थर. प्राइमर मसुराएवढा पुरतो आणि तोही फक्त नाकाच्या कडा आणि हनुवटीवर. फाउंडेशन मटाराच्या दाण्याएवढं घ्या आणि ओला करून घट्ट पिळलेल्या स्पंजने ठोकत लावा. बोटाने घासलं की खालचं सनस्क्रीन सुटतं आणि तिथूनच वळी सुरू होते.

आता नाकाची कड. तिथे तेलग्रंथी दाट असतात. तेल खालून वर येतं, फाउंडेशनच्या रंगात मिसळतं आणि रंग छिद्रांभोवती गोळा होतो. त्यात स्कार्फ नेमका तिथेच घासतो. यावर कॉम्पॅक्ट थापलं तर तेलात पावडर पडून तिची कणीक होते. आधी ब्लॉटिंग पेपर, म्हणजे तेल टिपायचा कागद, ५ सेकंद दाबून धरा, घासू नका. मगच पफने थोडी पावडर दाबा.

तुमच्या प्रवासासाठी आमचा आग्रह एवढाच, की घरून फक्त सनस्क्रीन लावून निघा. ऑफिसात पोचल्यावर स्कार्फ काढा, घाम थांबेपर्यंत पाच-सात मिनिटं बसा, तेल टिपा आणि फाउंडेशन लागेल तिथेच लावा. ४५ मिनिटं हेल्मेट आणि स्कार्फच्या आत कुठलाही मेकअप शाबूत राहत नाही, मग त्यावर २४ तास टिकेल असं छापलेलं असो.

तरी सकाळीच लावायचं असेल तर एक दिवस चेहऱ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर प्राइमर लावा, उजव्यावर नको. बाकी सगळं सारखं, प्रवासही नेहमीचाच. दुपारी आरशात दोन्ही बाजू बघा. प्राइमर लागतो की नाही, ते तिथेच कळेल.

प्रश्न : सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, नायसिनामाइड सीरम, जेल मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एकदम मागवलं. आठ दिवसांत गालभर पुरळ आलं. नेमकं कशाने? (सिंहगड रोड)

चारही एकदम सुरू केलीत, त्यामुळे आता ते ओळखता येणार नाही. चारही बाजूला ठेवा. पुरळ बसेपर्यंत सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि आधी मानवलेलं सनस्क्रीन, एवढंच वापरा.

मग एकेक वस्तू घ्या. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर ती दिवसातून दोनदा, सलग ७ ते १० दिवस लावा. फेसवॉश असेल तर नेहमी ठेवता तेवढाच वेळ ठेवून धुवा. आग, खाज, लाली आली नाही तर चेहऱ्यावर आणा आणि दोन ते चार आठवडे दुसरं काही नवं लावू नका. इतके दिवस अशासाठी, की जळजळ काही मिनिटांत कळते, पण छिद्रं बुजून पुरळ यायला आठवडे लागतात. खोक्यावर मार्करने सुरुवातीची तारीख लिहून ठेवा. तीन आठवड्यांनी ती कुणालाच आठवत नाही.

सुरुवात सनस्क्रीनपासून करा, कारण ते चेहऱ्यावर सर्वांत जास्त वेळ राहतं. सॅलिसिलिक शेवटी. ते तेलात विरघळतं, म्हणून छिद्राच्या आत पोचतं, पण जास्त झालं की त्वचा सोलवटते. २ टक्क्यांचा फेसवॉश असेल तर अर्धा मिनिट ठेवून धुवा, आधी एक दिवसाआड. नायसिनामाइडचं १० टक्क्यांचं सीरम सध्या घरोघरी दिसतं. ४-५ टक्केही पुरेसं असतं आणि चुरचुरही कमी होते.

‘आधी पिंपल्स वाढतात, मग जातात’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. हे सॅलिसिलिक किंवा रेटिनॉइडपुरतं (रेटिनॉलसारखे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटातले घटक) खरं आहे, तेही नेहमीच्याच जागी फोड आले आणि चार-सहा आठवड्यांत ओसरले तर. मॉइश्चरायझर किंवा सनस्क्रीनने पुरळ आलं तर ही सबब चालत नाही. ते तुम्हाला मानवलेलं नाही.

प्रश्न : मुलतानी मातीत लिंबू पिळून रोज लावलं तर तेल कमी होईल का? (सदाशिव पेठ)

लिंबू नको. त्वचेचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ च्या जवळ. रस लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे डागही पडू शकतात. माती गुलाबपाण्यात किंवा साध्या पाण्यात कालवा आणि आठवड्यातून एकदाच, गालावर कमी व कपाळ-नाकावर जास्त लावा. कडा पांढऱ्या पडू लागल्या की धुवा. तडे जाईपर्यंत ठेवली तर चेहरा ताणतो. माती वरवरचं तेल शोषते, ग्रंथी मात्र पुन्हा आपल्या गतीने तेल सोडतच राहतात.

प्रश्न : होस्टेलला राहतो, वय १९. कपाळावर केसांच्या कडेला एकसारखे बारीक फोड आहेत. पिंपल्सचं क्रीम लावून उपयोग नाही. बोअरच्या पाण्यामुळे असेल का? (कात्रज)

आधी डोक्याचं तेल आणि हेल्मेट बघा. तेल रात्री उशीवरून आणि दिवसा घामाबरोबर कपाळावर उतरतं, हेल्मेटचा फोम ते दाबून बसवतो. तीन आठवडे तेल बंद ठेवा किंवा नहाण्याआधी तासभर लावून शाम्पूने धुऊन टाका. हेल्मेटखाली सुती टोपी घाला आणि ती रोज धुवा. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला.

फोड अगदी एका मापाचे असतील आणि खाजत असतील, तर ते नेहमीचे मुरूम नसून यीस्टमुळे, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीमुळे, आलेले असू शकतात. त्यावर पिंपल्सच्या क्रीमचा फारसा उपयोग होत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, औषध वेगळं असतं.

पाण्याचा दोष थोडा असू शकतो. जड पाण्यात साबणाचा न विरघळणारा थर त्वचेवर राहतो. साबणाची वडी सोडून फेसवॉश घ्या. आणि एक कळकळीची विनंती : मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असलेली ट्यूब आणून चेहऱ्यावर लावू नका. ही स्टिरॉइड्स आहेत. लाली पटकन उतरते, ट्यूब बंद केली की दुपटीने उसळते आणि त्वचा पातळ होते.

प्रश्न : गरोदर आहे. रेटिनॉलचं सीरम चालू ठेवू? (औंध)

नाही, आजच बंद करा. अ‍ॅडापालीन, ट्रेटिनॉइन ही त्याच गटातली औषधंही नको. मुरमांसाठी अ‍ॅझेलाइक ॲसिडबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : तुळशीबागेत शेड अगदी जुळते, घरी आल्यावर मात्र चेहरा काळपट दिसतो. नकली माल असेल का? (नारायण पेठ)

असेलही, पण तेलकट त्वचेवर अस्सल फाउंडेशनही तास-दोन तासांत अर्धी-एक शेड गडद होतं. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली हे कळत नाही. मनगटावर शेड बघू नका, त्याचा रंग चेहऱ्यापेक्षा वेगळा असतो. जबड्याच्या कडेला तीन जवळच्या शेड्सच्या बोटभर रेघा ओढा, लक्ष्मी रोडवरची बाकीची खरेदी उरका आणि दीड-दोन तासांनी उघड्यावर, सावलीत उभं राहून आरशात बघा. मानेत मिसळून दिसेनाशी होईल ती तुमची. दोन शेड्समध्ये अडलात तर फिकी घ्या. टेस्टर सरळ चेहऱ्यावर टेकवू नका, स्वच्छ कापसावर घेऊन लावा, आणि लिपस्टिकचा टेस्टर ओठांना तर नकोच.

खोक्यावर बॅच नंबर, वापराची मुदत, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक हवा. परदेशी वस्तूवर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. यातलं काही खोडलेलं किंवा स्टिकरखाली झाकलेलं असेल तर वस्तू परत ठेवा. उघड्या डबीच्या चित्रात ‘६ एम’ लिहिलेलं असेल तर झाकण उघडल्यापासून सहा महिनेच ती वापरायची.