डच क्रियापदाची मूळ जागा

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. डचमधल्या तुटणाऱ्या क्रियापदांची लांबलचक यादी तू भिंतीवर लावलीस, पाठही केलीस, आणि तरी 'मी खोली साफ करतो' म्हणताना तोंडातून 'इक स्खोनमाक द कामर' असं न तोडलेलं, चुकीचंच निघतं, असं लिहितोस. ती यादी आजच काढून ठेव. तुझ्या मेहनतीत काही कमी नाही, फक्त सुरुवात भलत्या टोकाकडून झाली आहे.

बहुतेक पुस्तकं मुख्य वाक्यापासून शिकवतात: क्रियापद तुटतं, एक तुकडा दुसऱ्या जागी, उरलेला शेवटी. नियम बरोबर आहे, पण मराठी माणसाने तो या बाजूने शिकू नये असं माझं ठाम मत आहे. तू मूळ रूपापासून सुरू कर. 'द कामर स्खोनमाकन'. कामर म्हणजे खोली, स्खोन म्हणजे साफ, माकन म्हणजे करणे. खोली साफ करणे! आता त्यात भर घाल: 'मॉर्खन द कामर स्खोनमाकन', उद्या खोली साफ करणे. क्रम अजून आपलाच आहे. मुख्य विधान करताना यातलं एकच पाऊल उचलायचं: काळ आणि पुरुष दाखवणारा भाग, म्हणजे 'माक', वाक्यात दुसऱ्या जागी नेऊन ठेवायचा. 'इक माक मॉर्खन द कामर स्खोन.' 'स्खोन'कडे नीट बघ. तो होता तिथेच आहे. त्याला शेवटी ढकलावं लागत नाही, म्हणून तो विसरायचाही प्रश्न येत नाही.

ही नुसती शिकवण्याची युक्ती नाही. डचमध्ये क्रियापदाची मूळ जागा वाक्याच्या शेवटी आहे, अशी मांडणी यान कॉस्टर या डच भाषाशास्त्रज्ञाने १९७५ साली केली, आणि तिच्या पुराव्यात हे तुटणारे तुकडेच महत्त्वाचे होते. गौणवाक्यात तर पाऊल उचलायचीही गरज नसते: 'ऑमदात इक मॉर्खन द कामर स्खोनमाक', कारण मी उद्या खोली साफ करतो. इथे सगळं एकत्र, शेवटी. वर्गातले इतर विद्यार्थी 'ऑमदात' आलं की अडखळतात. तुला तिथे मोकळेपणाने बोलता यायला हवं, कारण क्रियापदासाठी वाक्य संपेपर्यंत थांबायची सवय तुला लहानपणापासून आहे.

पूर्ण भूतकाळातला 'ख' आणि मूळ रूपाआधीचा 'त' हे दोघे जोडाच्या मधे शिरतात: 'स्खोन-ख-माक्त', 'स्खोन त माकन'. यासाठी वेगळा तक्ता नको. रेल्वे स्टेशनवर 'फरखेत नीत आउट त चेकन', चेक-आउट करायला विसरू नका, हे सतत समोर येतं. दर वेळी मनात म्हण, पुरे आहे.

आता कानाबद्दल, कारण नुकसान तिथे होतं. 'झेखन' म्हणजे सांगणे, म्हणणे. घरमालकाबद्दल कुणी म्हणालं, 'द हाउसबास झेख्त हेत कॉन्त्राक्त…', तर तुला वाटेल मालक कराराविषयी काहीतरी सांगतोय. मग शेवटी येतं 'ऑप', आणि अर्थ होतो: मालक करार संपवतोय. 'आफ' आला असता तर ठरलेली भेट रद्द, 'तू' आला असता तर वचन दिलं. एका अक्षरावर घर राहतं की जातं ते ठरतं. म्हणून वाक्य संपेपर्यंत मान डोलावू नकोस, 'या, या' म्हणजे 'हो, हो' करू नकोस.

कुठलं क्रियापद तुटतं हे आघात सांगतो. पहिल्या तुकड्यावर जोर असेल तर तुटतं. 'फोरकोमन' 'फोर'वर जोर देऊन म्हटलं तर घडणे, आढळणे, आणि ते तुटतं: 'हेत कॉम्त फाक फोर', असं वारंवार घडतं. 'को'वर जोर दिला तर टाळणे, रोखणे, आणि ते अखंड राहतं. लिहिताना दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, त्यामुळे नवीन शब्द आधी ऐक, मग वहीत उतरव आणि जोराच्या अक्षराखाली रेघ ओढ. 'ब', 'फर', 'ऑन्त', 'हेर' यांनी सुरू होणारी क्रियापदं सहसा तुटत नाहीत, एवढं लक्षात असलं की झालं.

वहीत सुटं क्रियापद कधीही लिहू नकोस. त्याचं कर्म सोबत हवं: करार संपवणे, गोळी घेणे, मुलाला शाळेतून आणणे. डॉक्टरकडे, दुकानात, शाळेच्या फाटकाशी ती पूर्ण जोडीच कामाला येते. आणि एक, पुस्तकांत फोन करण्यासाठी 'ऑपबेलन' शिकवतात, पण लोक बोलताना बहुधा नुसतं 'बेलन' म्हणतात. तू बरोबर ऐकलंस, गोंधळू नकोस. तसंच 'मला साफ करायचंय' हे गौणवाक्यात 'स्खोनमाकन'च्या पोटात 'विल' घालूनही ऐकू येईल: 'दात इक द कामर स्खोन विल माकन'. तेही शुद्धच आहे.

पुढच्या पत्रात 'नेमन'ची पाच कुटुंबीय क्रियापदं घे: 'मे', 'आन', 'ऑप', 'इन', 'ओव्हर' लावून. प्रत्येकाचं आधी मूळ रूप कर्मासकट, मग मुख्य वाक्य, मग 'ऑमदात'चं वाक्य. या क्रमानेच लिही. तपासून लगेच परत पाठवतो.

तुझा,
काका